एकाच दगडाचे चार आकडे : प्रवाळ सर्वेक्षण प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ मोजायला शिकणारी तुकडी आठ जणांची ठरली आहे. प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गातील पाच विद्यार्थी, वर्सोवा कोळीवाड्यातील दोघे आणि एक माध्यमिक शिक्षिका. नोंदींत नावे न लिहिता त्यांना अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी अक्षरे दिली आहेत, म्हणजे पुढे आकड्यांची तुलना करताना माणूस डोळ्यांसमोर येणार नाही.

मार्चच्या सुरुवातीपर्यंत या आठ जणांनी एकाच जागेची एकमेकांना न विचारता मोजणी केली, तर त्यांचे आकडे जवळपास यावेत, एवढेच उद्दिष्ट मी ठेवले आहे. जाती ओळखणे त्यानंतर. हा क्रम माझ्या एका सहकाऱ्याला उलटा वाटतो. त्यांच्या मते आधी ओळख, मग मोजणी. पण जातीचे नाव चुकले तर छायाचित्रावरून ते नंतर दुरुस्त करता येते. पाटीवर आच्छादनाचा, म्हणजे किती टक्के जागा व्यापली आहे याचा, आकडा चुकीचा उतरला आणि ओहोटी संपून पाणी वर आले, की तो दुरुस्त करायला कोणीही परत जात नाही.

आज नागदेवी स्ट्रीटवर अर्धा इंची पीव्हीसी पाइप, एल्बो आणि ५० मीटरच्या दोन फायबरग्लास टेप घेतल्या. पाइपच्या ५० सेंटिमीटर बाजूच्या चार चौकटी संध्याकाळपर्यंत तयार झाल्या. प्रत्येक बाजूला दर १० सेंटिमीटरवर भोक पाडून तंगूस (नायलॉनचा दोरा) ओवला, त्यामुळे चौकटीत २५ घरे आणि आत १६ छेदबिंदू मिळाले. एक घर म्हणजे ४ टक्के क्षेत्र, हा हिशेब सर्वांना तोंडपाठ हवा. पहिली चौकट बादलीत टाकताच तरंगली, कारण पाइपमध्ये हवा कोंडली होती. खालच्या बाजूने आणखी भोके पाडल्यावर ती निमूटपणे बुडाली. लिहिण्यासाठी पांढऱ्या ॲक्रिलिकच्या पाट्या कापून पॉलिश पेपरने खरखरीत करून घेतल्या आहेत. त्यांवर साधी शिसपेन्सिल पाण्याखालीही उमटते.

१२ जानेवारी, रविवार

वर्गातला दिवस. पहिलाच प्रश्न शिक्षिकेचा (ग) होता : मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळे आणि आपण मोजणार ते प्रवाळ एकच का? प्रश्न उत्तम होता, कारण मराठीत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दागिन्यातले लाल पोवळे हा अष्टभुज प्रवाळांचा सांगाडा असतो आणि त्या जाती सहसा खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतात. प्रवाळभित्ती बांधणारे दगडी प्रवाळ हा वेगळा गट आहे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, प्रकाशसंश्लेषणातून अन्न तयार करते, आणि प्रवाळाची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यातून भागू शकते. पाणी फार तापले की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि पारदर्शक ऊतींतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणायचे. विरंजित प्रवाळ जिवंत असते, हे वाक्य मी मुद्दाम तीन वेळा सांगितले.

भारतातील मुख्य प्रवाळभित्ती कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे आहेत. मुंबईला प्रवाळभित्ती नाही. येथे आहेत त्या खडकांवरील सुट्या वसाहती. हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट केलेला बरा, नाहीतर पहिल्या ओहोटीला लक्षद्वीपच्या चित्रांची अपेक्षा घेऊन आलेले निराश होऊन परततात. तरीही कायद्याला हा फरक मान्य नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा २००१ मध्ये समावेश झाला, आणि ते संरक्षण मुंबईतील तळहाताएवढ्या वसाहतीलाही तितकेच लागू आहे. म्हणून या प्रशिक्षणात नमुना गोळा करणे नाही, तुकडा उचलणे नाही, फक्त पाहणे, मोजणे आणि छायाचित्र घेणे आहे.

दुपारी वीस छायाचित्रांची चाचणी घेतली : जिवंत, विरंजित, नुकतेच मेलेले आणि शैवाल चढलेले मृत, असे चार पर्याय. सर्वाधिक चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात झाल्या. दोन्ही पांढरेच दिसतात. विरंजितावर काचेसारखा ऊतींचा पातळ थर असतो, तर नुकत्याच मेलेल्यावर तो नसतो आणि सांगाड्याच्या कडा कोरड्या, कोरीव दिसतात. छायाचित्रावरून हे नेहमी सांगता येत नाही, हे मान्य करावे लागले.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या मॅरेथॉनमुळे रस्ते बंद असल्याने तरणतलावाचे सत्र आजच उरकले. तळाशी टेप ताणून तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे रिकामे पेले वाळू भरून उभे केले आणि प्रत्येकाला टेपपासून हातभर वर तरंगत तिचा पूर्ण फेरा करायला लावले. पायाच्या फिनने किती पेले पडतात ते मोजले. पाण्याखाली पाय कुठे आहेत याचे भान राहत नाही, आणि खऱ्या प्रवाळावर तीच लाथ बसली तर अनेक वर्षांची वाढ मोडते. पहिल्या फेरीत फ ने नऊ पेले पाडले. चौथ्या फेरीत एक.

आजचा खरा धडा माशांच्या लांबीचा होता. पट्टी पद्धतीत टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, म्हणजे एकूण पाच मीटर रुंदीतले मासे मोजायचे असतात आणि काही माशांची लांबीही लिहायची असते. रीफ चेक या स्वयंसेवकांच्या जागतिक प्रवाळ सर्वेक्षणाच्या पद्धतीत हेकरूसारखे मासे ३० सेंटिमीटरपेक्षा मोठे असतील तरच मोजणीत धरतात. प्लास्टिकच्या पत्र्यातून १० ते ४० सेंटिमीटर लांबीचे माशांचे आकार कापून ते दोऱ्याने पाण्यात टांगले होते. कोळीवाड्यातील ह ला काठावर हेच आकार दाखवले तेव्हा तिने वीत आणि बोटे मोजून प्रत्येक लांबी एका सेंटिमीटरच्या फरकाने अचूक सांगितली. बाकीचे पाहत राहिले. पाण्यात मात्र तिनेच २० च्या माशाला २७ लिहिले आणि ती स्वतःवर चिडली.

चूक तिच्या डोळ्यांची नव्हती. मास्कच्या काचेमागे हवा आणि पुढे पाणी असल्यामुळे प्रकाश वळतो आणि वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ व एक तृतीयांश मोठी भासते. २४ सेंटिमीटरचा हेकरू ३२ चा वाटतो आणि मोजणीत नसायला हवा तो मासा मोजणीत येतो. उपाय साधा आहे : पाटीच्या कडेवर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या आणि पाण्यात गेल्यावर आधी स्वतःची वीत त्या खुणांशी लावून पाहायची. वीत पाण्यात जेवढी मोठी दिसते, तेवढाच मासाही फुगलेला असतो. ह ने दुसऱ्या फेरीत सर्वांना मागे टाकले.

१ फेब्रुवारी, शनिवार

कार्टर रोडचा खडकाळ किनारा. माघ शुद्ध तृतीया होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा दर्यावरचा जुना हिशेब इ ने सर्वांना शिकवला : तीनचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि त्याआधी सहा तासांवर, सकाळी आठच्या सुमारास, ओहोटीचा तळ. छापील तक्त्याशी तो जवळजवळ तंतोतंत जुळला. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी चार-साडेचार मीटरने खालीवर होते, त्यामुळे भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, दिवसांत जे खडक उघडेच पडत नाहीत ते आज पाहता येणार होते. साडेसहाला, अंधारातच, टॉर्च घेऊन उतरलो. काम पाण्यामागोमाग खाली सरकत करायचे आणि पाणी वळले की थांबायचे, असा नियम ठेवला आहे.

येथे दगडी प्रवाळ शोधायचे नव्हते. सराव होता झोअँथिडचा. हे प्रवाळांचे मऊ अंगाचे नातलग, सांगाडा नसलेले, खडकावर चटईसारखे पसरणारे. पाण्याखाली ते फुलांसारखे उघडतात. पाणी ओसरले की मिटून चिखलाच्या ढेकळांसारखे दिसतात. त्यांतील पॅलिथोआ स्वतःच्या अंगात वाळूचे कण साठवतो, त्यामुळे ढेकूळ आणि प्राणी यांत फरक करणे अधिकच अवघड जाते. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून हातमोजे सक्तीचे होते. कालवांच्या धारदार कडांनी हात कापण्याची भीती असल्याने ते तसेही लागणारच होते.

एक चौकट निवडली, एकाच खडकावर ठेवली आणि आधी अ ते ड या चौघांना एकेक करून, तंगुसाच्या घरांकडे लक्ष न देता, झोअँथिडचे आच्छादन नजरेने सांगायला लावले. आकडे आले : ३०, ४५, ५५ आणि ७०. खडक एक, सकाळ एक. चौघांनीही आपला आकडा ठामपणे सांगितला होता. मग घरे मोजायला लावली. अर्ध्याहून अधिक भरलेले घर धरायचे, कमी भरलेले सोडायचे. आता ४४, ४८, ४८, ५२. ७० म्हणणाऱ्या ड ने विचारले, मग मला काय दिसत होते? त्याला वसाहतींमधल्या फटी दिसल्या नव्हत्या. ३० म्हणणाऱ्या ब ला त्याच फटी प्रामुख्याने दिसल्या होत्या.

वेफरच्या पाकिटाचा तंटाही येथेच झाला. चौकटीतल्या छेदबिंदूंखाली काय आहे ते लिहिताना एक बिंदू बरोबर एका पाकिटावर पडला, आणि ते पाकीट कालवाखाली अडकलेले होते. सुटे असेल तर उचलून खालचे लिहावे, घट्ट अडकलेले असेल तर ‘इतर’ लिहावे आणि कचऱ्याची वेगळी नोंद करावी, असे ठरले. असे निर्णय त्याच दिवशी नियमपुस्तिकेत चढवायचे, नाहीतर पुढच्या खेपेला प्रत्येक जण आपापली आठवण घेऊन येतो.

२ फेब्रुवारी, रविवार

तीच जागा, रेषा-छेद पद्धत. टेप ताणून तिच्याखाली जे येईल ते कुठे बदलते तेवढे सेंटिमीटर लिहायचे : ० ते ४३ खडक, ४३ ते ६१ झोअँथिड, ६१ ते १०० शैवाल, म्हणजे या मीटरभरात झोअँथिड १८ टक्के. वारा होता. टेप सैल पडून एका घळीत उतरली आणि दोन जोड्यांच्या मोजणीत २० मीटरला जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक आला. टेप ताणलेली असल्याची खात्री आधी, मोजणी नंतर. आणखी काही विशेष नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आकडेमोडीचा दिवस, आणि माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी. रीफ चेकच्या रेषेवर २० मीटरचे चार तुकडे असतात आणि प्रत्येकात दर अर्ध्या मीटरला एक, असे ४० बिंदू, एकूण १६०. समजा त्यांपैकी ३२ बिंदूंखाली जिवंत प्रवाळ आले, तर आच्छादन २० टक्के. पण बिंदू थोडे इकडेतिकडे पडले असते तर? प्रमाणाची प्रमाणित त्रुटी, म्हणजे असा अंदाज साधारण किती चुकतो तो आकडा, काढली की सुमारे ३ टक्के येते. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली, तर खरा आकडा ढोबळमानाने १४ ते २६ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. ५० बिंदूंच्या एका छायाचित्रावर हीच पट्टी ९ ते ३१ इतकी रुंद होते.

मग फळ्यावर लिहिले : गेल्या वर्षी २०, यंदा २५. प्रवाळ वाढले का? पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांनी होय म्हटले. एका रेषेवरून ते म्हणता येत नाही, हे गळी उतरायला तासभर गेला. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो तेव्हा त्यामागे किती रेषा, किती बिंदू आणि किती निरीक्षक होते हे विचारायची सवय त्यांना लागली, तर माझा शनिवार सार्थकी लागला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माघ वद्य तृतीया, पुन्हा आठच्या सुमारास ओहोटीचा तळ. दक्षिण मुंबईतील एक खडकाळ पट्टा. जागेचे नाव या नोंदीत मुद्दाम लिहिलेले नाही, कारण हाताने खरवडून नेता येईल अशा वसाहतीचा पत्ता जाहीर करण्यात शहाणपण नाही. हाजीअली व वरळी येथे किनारी रस्त्याच्या आड आलेल्या काही वसाहती २०२० मध्ये कुलाब्याच्या नेव्हीनगर भागात हलवण्यात आल्या, तेव्हा मुंबईच्या समुद्रात प्रवाळ असतात हेच अनेक मुंबईकरांना नव्याने कळले होते.

क ने पहिली वसाहत शोधली. ओहोटीतही न आटणाऱ्या एका डबक्याच्या कडेला, तळहाताएवढी, दगडाला चिकटून पसरलेली, राखाडी-गुलाबी. गुडघ्यांवर बसून पाहिले की ज्वारीच्या दाण्याएवढ्या खळग्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात आणि प्रत्येक खळगीत कडेपासून मध्याकडे जाणाऱ्या बारीक दगडी रेघा असतात. झोअँथिडला या रेघा नसतात. हे फॉल्स पिलो कोरल, स्युडोसिडेरॅस्ट्रिया, गढूळ पाणी आणि गाळ सहन करणाऱ्या मोजक्या प्रवाळांपैकी एक. त्यावर साबुदाण्याच्या खिरीसारखा गाळाचा पातळ थर होता. कोणी काही बोलले नाही. एकेक करून सर्व जण वाकून पाहून गेले.

मग अडचण सुरू झाली. २० मीटरच्या रेषेवर दर अर्ध्या मीटरच्या ४० बिंदूंपैकी एकाखालीही प्रवाळ आले नाही. सेंटिमीटरने मोजलेल्या रेषेवर ११ सेंटिमीटर आले, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. आणि डबकी एकेक करून तपासली तेव्हा त्याच पट्ट्यात नऊ वसाहती सापडल्या. पहिल्या पद्धतीचा अहवाल लिहिला असता तर ‘प्रवाळ आढळले नाही’ असे सर्व नियम पाळून लिहिता आले असते. तो खोटा नसता आणि खराही नसता. भित्तीसाठी घडवलेली पद्धत विरळ वसाहतींच्या किनाऱ्यावर आणताना बदलावी लागते. येथे ठरलेल्या क्षेत्रातील प्रत्येक डबके पाहणे, वसाहती मोजणे आणि प्रत्येकीचा सर्वांत मोठा व्यास लिहिणे हेच योग्य, असे ठरवून नियमपुस्तिका बदलली.

गाळाखालच्या वसाहतीला जिवंत म्हणायचे की गाळ? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. शेवटी ठरले ते असे : हातभर वरून पाण्यात तळहात दोनदा हलवायचा, स्पर्श न करता, उडालेले कण लगेच खाली बसले तर वाळू, ढग होऊन तरंगत राहिले तर गाळ, आणि थर निघून ऊती दिसल्या तर ‘जिवंत’ लिहून गाळाची नोंद शेजारच्या रकान्यात करायची. त्या रकान्यात काय आहे, हे काही वर्षांनी मुख्य आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरेल असा माझा अंदाज आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

रंगपट्टीचा सराव. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच पट्टीवर फिकट ते गडद अशा १ ते ६ पायऱ्या आहेत. प्रत्येक वसाहतीचा सर्वांत फिकट आणि सर्वांत गडद भाग जुळवून लिहायचा. कालांतराने दोन किंवा अधिक पायऱ्यांचा फरक पडला तर सहजीवी शैवाल घटल्याचे समजायचे. उन्हे वर येण्याआधी घेतलेले वाचन आणि नंतरचे वाचन यांत काहींना एक पायरीचा फरक आला. वाचनाची वेळ लिहिणे आता सक्तीचे केले आहे. या पट्टीकडे गंभीरपणे पाहायचे कारण ताजे आहे : एप्रिल २०२४ मध्ये नोआ ही अमेरिकेची सागर व हवामान संस्था आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती उपक्रमाने चौथे जागतिक विरंजन जाहीर केले.

१ मार्च, शनिवार

अंतिम चाचणी, कार्टर रोडवर. दहा चौकटी, आठ निरीक्षक, एकमेकांची पाटी पाहायची नाही. तुलनेसाठी माझे आकडे प्रमाण धरायचे ठरले होते. प्रत्येक चौकटीचे सरळ वरून छायाचित्रही घेतले.

आठ जणांच्या सरासऱ्या एकमेकांपासून ८ टक्क्यांच्या आत आल्या. जानेवारीत मी १५ ची अपेक्षा केली होती. ड अजूनही प्रत्येक चौकटीत थोडा जास्तच सांगतो, पण नेहमी सारखाच जास्त. अशी चूक वजा करता येते. कधी वर, कधी खाली जाणाऱ्या फ ची अधिक चिंता वाटते, जरी त्याची सरासरी दिसायला अधिक चांगली आहे.

रात्री छायाचित्रांवर बिंदू टाकून पुन्हा मोजले. तीन चौकटींत सर्वांत दूरचा आकडा माझा होता. तिन्ही चौकटी गाळ साचलेल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी मी मिटलेल्या झोअँथिडला गाळ म्हटले होते. इतकी वर्षे हा किनारा पाहिल्यामुळे कुठे काय असणार हे मी पाहण्याआधीच ठरवत असावा. ह चा आकडा छायाचित्राला सर्वांत जवळचा होता.

२ मार्च, रविवार

कालचे निकाल तुकडीसमोर ठेवले, माझ्यासह. प्रमाण म्हणून यापुढे एका माणसाचा आकडा न धरता छायाचित्रावरील दोघांची स्वतंत्र मोजणी धरायची, आणि दोघे जुळले नाहीत तर तिसऱ्याला विचारायचे; हा बदल ड ने सुचवला आणि नियमपुस्तिकेत चढला.

पुढचा टप्पा मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि तो भाग १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येत असल्याने वनविभागाची लेखी परवानगी लागेल. अर्ज ग लिहीत आहेत. पावसाळ्यापूर्वी पाणी निवळ असतानाच जायला हवे, म्हणजे एप्रिलच्या आतबाहेर. दादरहून तुतारी एक्सप्रेसने कुडाळ गाठायचे. इ आणि ह चे नातलग मालवणात होडी पाहून देणार आहेत. पहिल्या टेपच्या पहिल्या मीटरवरचे आकडे कालवांवर घासून पुसट झाले आहेत, ३ आणि ८ ओळखू येत नाहीत. निघण्यापूर्वी नवी टेप घ्यायची आहे.